चिकातला पहारेकरी

खरवस मी खात नाही. मुलगा अधूनमधून डेअरीतून डबा घेऊन येतो, वेलदोड्याचा वास घरभर सुटतो, सून बशांमध्ये तुकडे मांडते आणि मी माझी बशी हळूच नातीकडे सरकवते. आजीला पचत नाही, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलंय. मीही ते खोडत नाही. या वयात पोटाचं कारण सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. खरं सांगायचं तर एके काळी मला खरवसाचं इतकं वेड होतं की माझं लग्न ठरत असताना मुलगा काय करतो याच्या आधी त्यांच्याकडे दुभती जनावरं किती, हे मी विचारायला लावलं होतं. पुढे एक माणूस भेटला आणि बशी सरकवायची सवय लागली.

त्यांना आमच्या भागात नन्नासाहेब म्हणत. खरं नाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. आष्टी तालुक्यात, कड्याच्या अलीकडे, आमचा एक लहानसा सहकारी दूध संघ होता. आसपासच्या गावांचं दूध तिथं यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं नगरकडे जायचं. त्या संघाचे हे केमिस्ट. उंच, वाकलेले, अंगावर पांढरा कोट. कोटाला बटण एकही नाही, पण खिशात सुईदोरा कायम. बटण का लावत नाही असं विचारलं तर म्हणायचे, "नाही, लावायचं आहे."

त्यांचं प्रत्येक वाक्य 'नाही'नं सुरू व्हायचं. दूध नासलंय का म्हटलं की, "नाही, नासलंय." चहा घेणार का, "नाही, घेईन की." आणि ज्या दिवशी खरंच नाही म्हणायचं असेल त्या दिवशी ते काहीच बोलायचे नाहीत. नुसता कॅन उचलून शेतकऱ्याच्या सायकलीला परत अडकवायचे. अध्यक्षांच्या घरच्या कॅनलाही हीच वागणूक.

त्यांची सायकल अख्ख्या तालुक्यात ओळखली जायची. घंटी नाही, मडगार्ड नाही, सीट फाटून त्यावर पोतं बांधलेलं. ब्रेकची रबरं मात्र कायम नवी. कड्याच्या बाजारात गेले की भाजी घ्यायच्या आधी रबरं. सायकलवाला म्हणायचा, "साहेब, एकदा ट्यूब तरी बदला." साहेब म्हणायचे, "नाही, न चालणाऱ्या सायकलनं कुणी मेल्याचं मी ऐकलं नाही."

आणि या माणसाच्या हाताखाली मी. अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, गावातली पहिली शिकलेली सून, दूध संघाची लॅब असिस्टंट. असिस्टंट म्हणजे काय, तर नळ्या धुणे. दुष्काळात तर राखेनं घासून चार थेंबांत धुणे. पण माझा रुबाब बघायचा होता. बांगड्यांच्या वर घड्याळ, ते बंद पडलेलं, पण मी दर थोड्या वेळानं त्यात बघायची. घरी सासूबाईंशीसुद्धा मी नाकातून शुद्ध बोलायची. "आई, आज दुधाची आम्लता वाढली आहे." सासूबाई म्हणायच्या, "आगं, नासलं म्हण की." आज ती पोरगी समोर आली तर मी तिला बसायला पाट देईन, पण बोलू देणार नाही.

साहेब मला बी.एस्सी. बाई म्हणत. मला तो मान वाटायचा. चिमटा होता, हे कळायला बरीच वर्षं गेली.

एकदा डबा खाताना त्यांनी विचारलं, "बी.एस्सी. बाई, बोकडाचं मटण खाल्लं तर पचतं ना?"

"पचतं."

"तुमचं पोटसुद्धा मटणच आहे. ते का पचून जात नाही?"

मी घास गिळला. मग मोठ्या आत्मविश्वासानं म्हटलं, "देवाची करणी."

साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "नाही, देवाचीच करणी आहे. पण तिला पत्ता आहे."

मग त्यांनी भाकरीच्या तुकड्यानं ताटलीत नकाशा काढला. पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाचं एक पिंड असतं. मांस कापणारी सुरी तिथं तयार होते. ट्रिप्सिन म्हणतात तिला. ज्या कारखान्यात सुरी बनते तो कारखानाही मांसाचाच. म्हणून सुरी म्यानात घालून पाठवतात, आतड्याशी गाठ पडल्यावरच ती बाहेर निघते. आणि चुकून एखादी आतच उघडी पडली, तर तिच्या पात्याला मिठी मारून बसणारा एक पहारेकरी तिथंच नेमलेला असतो. तो तिला मारत नाही, मोडत नाही. नुसता धरून बसतो.

"रक्ताचंही तेच," साहेब म्हणाले. "बोट कापलं की रक्त गोठायला लागतं. ते तिथंच का थांबतं? थेट काळजापर्यंत का गोठत जात नाही? कुणीतरी आवरतं म्हणून. शरीर 'हो'वर चालतं बाई, पण टिकतं 'नाही'वर. या सगळ्यांना पुस्तकात निरोधक म्हणतात. मी वेसण म्हणतो."

मला त्या वेळी वाटलं होतं, एकटं राहून माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो. आता नात फार्मसीला आहे, ती असल्या गोष्टींची जाड पुस्तकं घेऊन बसते. ती सांगते की पेशींच्या दारांना कुलपं असतात, आणि त्या कुलपात बसेल पण फिरणार नाही अशी खोटी किल्ली शरीर स्वतःच घालून ठेवतं, म्हणजे ताप आणि सूज चढवणारी खरी किल्ली बाहेरच ताटकळते. मी म्हणते, "हे मला ठाऊक आहे." ती म्हणते, "आजी, तुला कसं ठाऊक असेल?" मी घड्याळात बघते.

साहेबांचा आवडता प्रयोग फोटोच्या फिल्मवर चालायचा. जुन्या फिल्मवर जो काळा थर असतो तो जिलेटिनचा, म्हणजे हाडामासाचाच. कड्याला फोटो स्टुडिओवाले एक चाचा होते, ते वाया गेलेल्या फिल्मा साहेबांना देऊन टाकत. कसायाकडून बकऱ्याचं स्वादुपिंड आणि आतड्याचा एक तुकडा आणायचा, कुटून रस काढायचा आणि कोमट फिल्मवर एक थेंब ठेवायचा. थोड्या वेळानं पाण्याखाली धरलं की थेंबाखालचा काळा थर धुऊन जायचा आणि आरपार खिडकी पडायची. सुरीनं कापलं.

एकदा चाचांकडे फिल्म नव्हती. मी लगेच पुढे सरसावले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच लग्नाची निगेटिव्ह घेऊन गेले. त्या फोटोत माझे डोळे अर्धे मिटलेले होते, म्हणून तो नसला तरी चालेल असा माझा हिशेब. साहेबांनी एक थेंब नुसत्या रसाचा ठेवला. दुसऱ्या थेंबात नुकत्याच व्यायलेल्या गायीचं पहिलं दूध, म्हणजे चीक, मिसळलं. फिल्म धुतली. पहिल्या थेंबाखालून माझ्या नवऱ्याचं डोकं मुंडावळ्यांसकट नाहीसं झालं होतं. दुसऱ्या थेंबाखालचा माझा चेहरा अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांसह जसाच्या तसा.

"नाही, बघा," साहेब हरखून म्हणाले, "तुम्ही वाचलात."

नवरा घरी म्हणाला, "आख्ख्या मांडवात माझंच डोस्कं घावलं का तुमच्या साहेबाला?"

माझा चेहरा वाचवला तो चिकानं. चिकात तोच पहारेकरी असतो. साहेबांनी कारण सांगितलं ते असं. माणसाच्या लेकराला आईकडून रोगाशी लढायचं थोडं बळ पोटात असतानाच मिळतं. वासराला काहीच मिळत नाही, ते कोरं जन्मतं. त्याचं सगळं बळ चिकात असतं. पण ते बळही मांसाच्याच जातीचं, वासराच्या पोटातली सुरी त्याचे तुकडे करून टाकणार. म्हणून गाय चिकाबरोबर पहारेकरीही पाठवते. तो सुरी धरून ठेवतो आणि बळ आतड्यातून सरळ रक्तात उतरतं. आतड्याचं ते दार जन्मल्यानंतर थोडाच वेळ उघडं असतं. मग मिटतं ते कायमचं.

"आणि आपण काय करतो?" साहेब म्हणायचे. "खरवस."

आमच्याकडे रीत होती. गाय व्यायली की मागून वार पडते, ज्या पिशवीत वासरू वाढतं ती. ती पडेपर्यंत वासरू थानाला लावायचं नाही. लावलं तर वार वर ओढली जाते आणि गाय दगावते, असा पक्का समज. मग वार पडायची वाट बघत वासरू अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस कोरडं राहायचं. पुढे त्यातली कितीतरी हगवणीनं जायची. चीक काढून शेजारीपाजारी वाटला जायचा. साहेब त्यावरून रोज कुणाशी तरी भांडायचे आणि लोक हसून सोडून द्यायचे.

मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा सगळ्यांना ठाऊक आहे. हा त्याच्यानंतरचा, नाव न पडलेला. विहिरींचे तळ दिसायला लागले, गावातली निम्मी माणसं दरवर्षीपेक्षा लवकर ऊसतोडीला निघून गेली, जनावरं काही छावणीत, काही बाजारात. आमच्या गोठ्यात एकच गाय उरली, तीही गाभण. मीही गाभण. सासूबाई सकाळी दोघींकडे सारख्याच नजरेनं बघायच्या. पाणी मात्र आधी तिला.

संघात दूध इतकं कमी झालं की थंड करायच्या टाकीचा तळही झाकेना. तेव्हा अध्यक्षांनी एक योजना काढली. पुण्याच्या लोकांना खरवस हवा असतो. संघानं सभासदांकडून चीक घ्यायचा, त्याला दुधाच्या कितीतरी पट भाव द्यायचा आणि वड्या करून पाठवायच्या. संघ तगेल, सभासदही तगेल. अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हता. त्याच्याही गोठ्यात दावी रिकामी होती.

साहेब त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. म्हणजे खरंच नाही.

सभा संघाच्या पत्र्याखाली भरली. साहेब उठले आणि चिकातला पहारेकरी, सुरी, आतड्याचं दार, सगळं सांगितलं. मग खिशातून ती निगेटिव्ह काढली आणि म्हणाले, "उन्हाकडे धरून बघा." माझ्या लग्नाची फिल्म दीडेकशे माणसांच्या हातातून फिरली. एकजण ओरडून म्हणाला, "वहिनी, ह्यो बिनमुंडक्याचा कोन वो?" पत्रा हादरेपर्यंत हसले लोक. मी पदर तोंडावर घेतला आणि बी.एस्सी.ची पदवी त्याच पदरात लपवली.

हसू थांबल्यावर मागून एक बाई उठल्या. नवरा गेल्यावर त्याच्या जागी सभासद झालेल्या, वस्तीवर एकट्या राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "साहेब, वासराच्या पोटातली सुरी तुमी दावली. लई चांगलं केलं. आमच्या पोटातली कोन बगनार?"

कुणी हसलं नाही. मला वाटलं साहेब आता 'नाही' म्हणतील. ते खाली बसले. योजनेला सगळ्यांनी हात वर केले. साहेबांनी विरोधात हात वर केला नाही. मांडीवर पालथा ठेवला होता, तो तसाच राहिला.

त्यानंतर काही दिवस ते बोलेनासे झाले. दूध तपासायचे, कॅन परत करायचे नाहीत, वाक्याच्या सुरुवातीचं 'नाही'सुद्धा गेलं. मला ते ऐकवेना. एखाद्या घरातलं रोजचं घड्याळ बंद पडल्यासारखं वाटायचं. त्यांचं काम मात्र चालू होतं. पलीकडच्या गोठ्यात एक गाय व्यायली होती, तिच्या प्रत्येक धारेचा थोडा थोडा चीक ते आणायचे, रसात मिसळून फिल्मवर थेंब ठेवायचे आणि धुतलेल्या पट्ट्या खिडकीत ओळीनं लावायचे.

एका सकाळी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. पहिल्या धारेची पट्टी काळीभोर, थर शाबूत. दुसरीवर पुसटसा डाग. पुढच्या पट्ट्यांवर डाग वाढत गेलेला आणि शेवटच्या पट्टीवर आरपार खिडकी.

"नाही, बघा बी.एस्सी. बाई," ते म्हणाले, आणि तो शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं. "पहारेकरी दोन-तीन दिवसांत आपणहून निघून जातो. कायम बसून राहिला तर वासराला दूधच पचणार नाही, भरल्या पोटी मरेल. केव्हा हटायचं हे याला ठाऊक आहे. मी जन्मभर याचं कौतुक केलं, आणि निम्मंच वाचलं."

तिथून ते तडक अध्यक्षांकडे गेले. मी मागून फाईल घेऊन, कारण नसताना. साहेब म्हणाले, "हो."

अध्यक्षांनी पान चावायचं थांबवलं. "काय म्हणालात?"

"हो. चीक घ्या. संकरित गायीला वासराच्या पोटात मावेल त्याहून जास्त चीक असतो. पण पहिली धार वासराची, ताबडतोब, पोटभर. उरेल ते संघाचं. आधी वासरू."

"आन आधी वासरू प्यालं का, हे कोन बगत बसनार?"

"मी."

असा तो नियम झाला. साहेब सायकलवर गोठ्यागोठ्यांतून फिरायला लागले. कुणाची गाय कधी व्यायला झालीय हे त्यांना घरच्यांपेक्षा आधी कळायचं. नियमाला कुणाची ना नव्हती. अडत होतं ते वारेशी. लोक म्हणायचे, पाजू की, पण वार पडू द्या. आणि तोवर वासराच्या आतड्याचं ते दार मिटायचं.

पहिली खरी गाठ पडली ती आमच्याच गोठ्यात.

गाय सकाळी उन्हं वर आल्यावर व्यायली. कालवड झाली. लालसर, कपाळावर पांढरा ठिपका. साहेब सायकल भिंतीला टेकवून आत आले. सासूबाई दारात आडव्या उभ्या.

"साहेब, वार पडू द्या. मंग पाजा. मी कुटं न्हाई म्हनते?"

"नाही, तोवर उशीर होईल, आई."

"आन वार वर चढली म्हंजी? ही येकच हाय आता आमच्याकडं. हिच्या मागं काईच न्हाई."

"वासरानं ओढलं की गायीच्या अंगात पान्हा सुटतो. त्याच कळेनं वारही सुटते. उलट लवकर सुटते."

सासूबाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "तुमी सवता बगितलंय?"

हो म्हणाले असते तर तिथंच मिटलं असतं. साहेबांनी चष्मा काढला. बटण नसलेल्या कोटाच्या टोकानं तो पुसला.

"नाही," ते म्हणाले. "वाचलंय."

गोठ्यात कालवड उठायची धडपड करत होती. पुढचे पाय फाकत होते, पुन्हा बसत होती. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"ही बी वाचलेलीच हाय. काय गं, तू सांग. गाय गेली तर लेकराला काय पाजशील? तुला सवताला काय मिळनार हाय?"

या क्षणासाठी माझ्याकडे एक भाषण तयार होतं. ट्रिप्सिन होतं त्यात, निरोधक होते, आतड्याचं दार होतं. अंबाजोगाईच्या सरांना अभिमान वाटला असता. मी तोंड उघडलं आणि सगळं भाषण कुठंतरी अडकलं. घरातली माणसं काय म्हणतील, गाय मेली तर ही अपशकुनी म्हणतील, हे सगळं एकदम डोक्यात आलं. मांजरीच्या पिलासारखा आवाज निघाला.

"पाजा."

सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पोटाकडे बघितलं. मग स्वतःच वाकल्या, कालवडीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि तिला थानाशी नेऊन उभं केलं.

ती प्यायली. शेपूट हलत होतं. आम्ही तिघं गायीच्या मागच्या बाजूकडे बघत बसलो.

ते दुपारपर्यंतचं बसणं मी विसरणार नाही. चूल पेटली नाही. साहेब पालथ्या बादलीवर, सासूबाई उंबऱ्यावर, मी भिंतीला टेकून. गाय उठायची, बसायची, मान वळवून कालवडीला चाटायची. तिच्याकडे बघून काही कळत नव्हतं. एकदा ती कण्हली, तेव्हा सासूबाईंच्या हातातली काडी मोडली. साहेब ओठ हलवत होते. जप करतायत असं मला वाटलं. जवळ गेले तर पुस्तकातलं पान पुटपुटत होते, जसंच्या तसं, जणू ते पुन्हा पुन्हा म्हटलं तर खरं होईल.

सावली गोठ्याच्या भिंतीपर्यंत आली आणि वार पडली. पूर्ण, अख्खी.

साहेबांनी चष्मा पुन्हा काढला. या वेळी तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला. सासूबाईंनी वार पाटीत घातली, शेतात पुरून आल्या, हात धुतले, तेही वाटीभर पाण्यात. मग कासेखाली बसून उरलेला चीक काढला आणि कॅन साहेबांपुढे ठेवला.

"घ्या. तुमच्या संघाचं."

"हो," साहेब म्हणाले.

गोठ्यातली गोष्ट गावात पसरायला वेळ लागत नाही. सासूबाईंना गाव पाटलीणबाई म्हणायचं. "पाटलीनबाईनं आधी वासरू लावलं, गाय ठनठनीत हाय," एवढं पुरलं. साहेबांच्या फिल्मांनी जे झालं नव्हतं ते सासूबाईंच्या गायीनं केलं. मग 'आधी वासरू' हे म्हणणंच झालं आमच्याकडे. पंगतीत पोरांना आधी वाढायचं असलं तरी बाया म्हणायच्या, आधी वासरू.

सगळी वासरं जगली असं मी म्हणणार नाही. सभेत उठलेल्या त्या बाईंनी सगळं नियमानं केलं. त्यांचं वासरू हगवणीनं गेलं नाही, पण पुढे चाराच संपला, गायीचं दूध आटलं आणि ते भुकेनं गेलं. साहेब त्यांच्या वस्तीवर जाऊन आले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. आल्यावर सायकलीची नवी रबरं काढून ठेवली आणि दोन दिवस पायी फिरले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

खरवसाची योजना फार चालली नाही. उन्हात पुण्यापर्यंत माल टिकेना. मग केमिस्टचीही गरज उरली नाही, एवढ्याशा दुधाला कशाला केमिस्ट. जायच्या दिवशी साहेबांनी एक पत्र्याची पेटी कॅरियरला बांधली आणि माझ्या हातात त्या फिल्मच्या पट्ट्या दिल्या. माझ्या लग्नाचीही परत केली. मी विचारलं, "साहेब, आता कुठं?"

"नाही, येतो मग," ते म्हणाले आणि ब्रेक दाबून बघून निघाले. पुन्हा भेटले नाहीत.

मी नववा महिना मोजत होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरची विहीर आमच्या आधी आटलेली, म्हणून सासरीच राहिले. आणि मला एकच घोर लागून राहिला होता. आमच्याकडे बाईच्या पहिल्या दुधालाही चीकच म्हणतात, आणि रीतही तीच. ते पिवळं दूध जड, अशुद्ध म्हणून पिळून टाकून द्यायचं. बाळाला तीन दिवस कापसाच्या बोळ्यानं गूळपाणी. मी पुन्हा एक भाषण तयार केलं. आधीपेक्षा मोठं. उपमा घातल्या, सासूबाईंना समजतील असे शब्द शोधले, नाकातलं शुद्ध बोलणं गाळून टाकलं. रोज चुलीपुढे मनात म्हणून बघायची. या वेळी मांजरीसारखा आवाज काढायचा नाही, असं ठरवलं होतं.

मुलगा सकाळी झाला. सुईणबाईंनी त्याला पुसून गुंडाळलं, बाजूला ठेवलं आणि गूळपाण्याची वाटी जवळ ओढली. बोळा भिजवला. बाळाचं तोंड आपोआप उघडलं. मी उठायला गेले, उठता येईना. भाषणातलं पहिलं वाक्य आठवेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यापुढे काहीच येईना.

सासूबाई कोपऱ्यात चिंध्या गोळा करत होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं.

"कावून रडती गं?"

मला वाटीकडे बोट दाखवता आलं, एवढंच.

सासूबाई उठल्या. सुईणबाईंच्या हातातला बोळा काढून घेतला, वाटी पायानं लांब सारली. मग बाळाच्या पाठीखाली दोन्ही हात घातले, अगदी तसेच, आणि आणून माझ्या छातीशी लावलं.

सुईणबाई म्हणाल्या, "आवो, आन रीत?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "आधी वासरू. रीत दुपारून."